१,६३२ : लाटेच्या दिवशी हिंगोली

१६ मे २०१४ हा दिवस महाराष्ट्राच्या आठवणीत एकाच वाक्यात मावतो: काँग्रेस कोसळली. देशात ४४ जागा, महाराष्ट्रात ४८ पैकी २. या दोनांतली एक नांदेडची, दुसरी हिंगोलीची. नांदेडचं कारण सगळ्यांना पाठ होतं, अशोक चव्हाण. हिंगोलीचं कारण मात्र कुणी नीट विचारलंच नाही. नकाशावर एक वेगळा ठिपका दिसला, त्याला ‘अपवाद’ म्हटलं आणि पुढे गेले.

मराठवाड्याच्या निवडणुका समजून घ्यायच्या असतील तर त्या ठिपक्यापाशी थांबावं लागेल. तो दिवस घड्याळाच्या काट्याबरोबर पुन्हा चालत गेलं, तर हिंगोली त्या दिवशी देशाहून वेगळी वागलीच नाही हे लक्षात येतं. राग तोच होता, फक्त समोरचा माणूस दुसरा होता.

२९ दिवस आधी. गुरुवार, १७ एप्रिल, सकाळी ७

मतदान सुरू होतं. हिंगोली हे एका जिल्ह्याचं नाव असलं, तरी लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे तीन विधानसभा मतदारसंघ हिंगोली जिल्ह्यातले, हदगाव आणि किनवट नांदेड जिल्ह्यातले, आणि पैनगंगेपलीकडचं उमरखेड यवतमाळ जिल्ह्यातलं. विदर्भाचं मतदान १० एप्रिललाच उरकलं होतं. यवतमाळचे बाकीचे तालुके बोटाला शाई लावून मोकळे झाले होते. उमरखेड तेवढं मागे राहिलं, कारण त्याचा खासदार मराठवाड्याबरोबर निवडला जातो.

वसमतकडे हळद, हदगावकडे कापूस, किनवटकडे सागाचं जंगल. कुठे मराठा बहुसंख्य गाव, कुठे बंजारा तांडा, कुठे आंध आणि गोंड वस्ती, शहरांत मोठे मुस्लिम मोहल्ले आणि दलित वस्त्या, मधल्या पट्ट्यात हटकर-धनगर. इतक्या वेगळ्या माणसांना एका खासदाराखाली बांधणारी गोष्ट एकच, शेती आणि तिचं दरवर्षीचं दुखणं.

त्या वर्षी ते दुखणं मोठं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारपीट झाली. उभा गहू आणि ज्वारी आडवी झाली, हरभरा झडला, आंब्याचा मोहर गेला. पंचनामा आणि प्रचार एकाच वेळी दारात आले. तलाठी नुकसान लिहून गेला की पाठोपाठ कार्यकर्ता यायचा. ज्याच्या शेतात गारांचा खच पडला होता, त्याला दिल्लीतल्या घोटाळ्यांवरच्या भाषणापेक्षा साधा प्रश्न पडला होता: आपला खासदार कुठे आहे?

२९ दिवस आधी. संध्याकाळी ६

मतदान संपतं. साधारण तीनांतल्या दोन मतदारांनी मत दिलेलं असतं, एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. यंत्रं मोहोरबंद होतात, स्ट्राँगरूममध्ये जातात, दाराला लाख लागते.

लढत दोघांची. एका बाजूला शिवसेनेचे विद्यमान खासदार सुभाष वानखेडे. २००९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादीच्या सूर्यकांता पाटील यांना ७३ हजारांहून जास्त मतांनी हरवलं होतं. दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे राजीव सातव, कळमनुरीचे आमदार आणि युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष, वय ३९.

ही जागा मुळात काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत राष्ट्रवादीच्या वाट्याची. २०१४ साठी अदलाबदल झाली. हिंगोली काँग्रेसने घेतली आणि रायगड राष्ट्रवादीला दिलं. रायगडात सुनील तटकरे उभे राहिले, हिंगोलीत सातव. जागावाटपाच्या बैठकीत ही देवाणघेवाण किरकोळ वाटली असेल. महिन्याभरात ती सगळ्यात चटका लावणाऱ्या आकड्यांची गोष्ट होणार होती.

साडेतीन दिवस आधी. १२ मे, संध्याकाळ

नऊ टप्प्यांतलं शेवटचं मतदान संपतं आणि वाहिन्यांवर मतदानोत्तर चाचण्या सुरू होतात. प्रत्येक चाचणीत भाजपची रालोआ पुढे. महाराष्ट्रात भाजप-शिवसेनेच्या महायुतीची सरशी प्रत्येकाने धरलेली. मोंढ्यात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात एकच चर्चा: मोदी लाट किती मोठी? हिंगोलीत मात्र दुसराही प्रश्न विचारला जात होता: आपल्या गावातून लीड कुणाला? पहिला प्रश्न टीव्हीचा होता, दुसरा गावाचा. निकाल दुसऱ्याने लागतो.

तीन तास आधी. शुक्रवार, १६ मे, पहाटे ५

मतमोजणी केंद्रावर कर्मचारी जमू लागतात. कोण कुठल्या टेबलावर बसणार हे त्याच पहाटे ठरतं, आदल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. उमेदवारांचे प्रतिनिधी पास गळ्यात अडकवून रांगेत उभे राहतात. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, हातात फक्त कागद आणि पेन. २९ दिवस ज्या दाराला लाख लावलेली होती, ते दार सगळ्यांच्या साक्षीने उघडतं.

सकाळी ८

देशभर एकाच क्षणी मोजणी सुरू होते. आधी टपाली मतपत्रिका, म्हणजे सैनिकांची आणि निवडणुकीच्या कामावर गेलेल्या कर्मचाऱ्यांची मतं. ती थोडीच असतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. हिंगोलीत मात्र त्या दिवशी प्रत्येक पाकिटाला किंमत होती. ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं, इतकंच.

सकाळी ८.३०

यंत्रं टेबलावर येतात. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी साधारण चौदा टेबलं, मधे जाळी, जाळीपलीकडे प्रतिनिधी. कर्मचारी कंट्रोल युनिटचं सील दाखवतो, निकालाचं बटण दाबतो आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो. जाळीतून माना पुढे येतात, पेनं चालू होतात. एका यंत्रात साधारण सहाशे मतं. चौदा टेबलं झाली की एक फेरी. मग पुढची. सहा विधानसभांच्या फेऱ्या एकत्र जोडत जायचं.

इथे लाट दिसत नाही. इथे फक्त गाव दिसतं. या बूथवर आपण २० ने मागे, त्या बूथवर ४५ ने पुढे. प्रतिनिधीला गाव पाठ असतं. कुठल्या वस्तीतून किती यायला हवे होते आणि किती आले, हे त्याला आकडा पाहताक्षणी कळतं.

सकाळी ९ नंतर

मुंबईत शेअर बाजार उघडतो आणि सेन्सेक्स पहिल्यांदाच २५,०००च्या वर जातो. दिवसभरात तो २५,३७५वर पोहोचतो आणि संध्याकाळी २४,१२१वर स्थिरावतो. पैशाने निकाल मतदारसंघांच्या आधीच जाहीर केला होता.

सकाळी १० ते ११

कल स्पष्ट होतात. भाजप एकटाच २७२च्या पुढे जाताना दिसू लागतो. १९८४ नंतर पहिल्यांदा एका पक्षाला स्वतःचं बहुमत मिळत होतं. दिल्लीतले काँग्रेसचे प्रवक्ते दुपारच्या आतच पराभव कबूल करू लागतात.

मराठवाड्यात आठ जागा आणि चित्र एकतर्फी. दिवस संपेपर्यंत जे फरक नोंदले जाणार होते ते असे: बीडला गोपीनाथ मुंडे १ लाख ३६ हजारांनी, परभणीला संजय जाधव १ लाख २७ हजारांनी, औरंगाबादला चंद्रकांत खैरे १ लाख ६२ हजारांनी, जालन्याला रावसाहेब दानवे २ लाख ६ हजारांनी, उस्मानाबादला रवींद्र गायकवाड २ लाख ३४ हजारांनी. लातूर तर शिवराज पाटील आणि विलासराव देशमुखांचं. तिथे सुनील गायकवाड अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकले. शेजारच्या सोलापुरात देशाचे विद्यमान गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे दीड लाखाच्या आसपास मतांनी हरले. नंदुरबारला नऊ वेळा निवडून आलेले माणिकराव गावित पडले.

हिंगोलीच्या चारही बाजूंनी पाणी चढत होतं. नांदेडला अशोक चव्हाण ८१ हजारांनी टिकले. मधे हिंगोली.

दुपारी १२

नरेंद्र मोदींचं विजयाचं ट्विट येतं. वडोदऱ्यात त्यांचं मताधिक्य ५ लाख ७० हजार १२८. त्याच दिवशी लडाखचा निकाल लागतो फक्त ३६ मतांनी. पाच लाख सत्तर हजार आणि छत्तीस, दोन्हीची किंमत लोकसभेत सारखीच, एक जागा. आपल्या निवडणुकीची सगळी ताकद आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे. जो पुढे, त्याचं सगळं. जो मागे, त्याच्या हातात काहीच नाही, मग तो एका मताने मागे असो वा लाखाने.

दुपारी १ ते ३

देश निकाल लागल्यासारखा साजरा करत असताना मोजणी केंद्रांत फेऱ्या चालूच असतात. या दोन तासांत थोडं मागे जायला हवं, कारण हिंगोलीचं उत्तर मागे आहे.

१९७७ मध्ये हा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला गेला आणि जनता पक्षाचा खासदार निवडून दिला. मग काँग्रेसचे उत्तमराव राठोड १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग तीन निवडणुका जिंकले. त्यानंतर हिंगोलीने कूस बदलली. १९९१ला शिवसेनेचे विलासराव गुंडेवार. १९९६ला शिवसेनेचेच, पण शिवाजी माने. १९९८ला काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील. १९९९ला पुन्हा माने. २००४ला राष्ट्रवादीकडून पुन्हा सूर्यकांता पाटील. त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या, तरी २००९ला पडल्या आणि वानखेडे आले.

उत्तमरावांनंतर हिंगोलीने एकाही खासदाराला सलग दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. पक्ष कोणताही असो, वारा कुठलाही असो. काँग्रेसचा खासदार पडला, शिवसेनेचा पडला, राष्ट्रवादीचा पडला. पडलेला माणूस पाच वर्षांनी परत येऊ शकतो, पण बसलेला माणूस बसून राहू शकत नाही.

याला लहरीपणा म्हणू नये. ज्या भागात सिंचन, रेल्वे, उद्योग यांची आश्वासनं प्रत्येक निवडणुकीत तीच असतात, तिथे मतदाराच्या हातात एकच हत्यार उरतं, खासदार बदलण्याचं. ते तो दर वेळी वापरतो. हिंगोलीने पक्षाला कधी शिक्षा केली नाही, तिने खुर्चीला जाब विचारला.

२०१४ला देश नेमकं हेच करत होता. दहा वर्षं सत्तेत असलेल्यांना जाब. बाकीच्या मराठवाड्यात आणि देशात सत्तेवर बसलेला म्हणजे काँग्रेस, म्हणून राग काँग्रेसवर निघाला. हिंगोलीत दिल्लीत बसलेली काँग्रेस होती आणि मतदारसंघात बसलेले शिवसेनेचे खासदार. एकच राग दोन दिशांना धावला आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना भिडले.

दुपारी ४ च्या पुढे

दिल्लीत पक्षाच्या मुख्यालयात सोनिया गांधी आणि राहुल गांधी पत्रकारांसमोर येतात, पराभवाची जबाबदारी स्वीकारतात आणि आत जातात. दिवसाअखेर आकडा ४४. लोकसभेच्या एक दशांश जागा म्हणजे ५५, तेवढ्याही नाहीत. पुढे अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी याच कारणाने काँग्रेसला विरोधी पक्षनेतेपद दिलं नाही.

आता महाराष्ट्राचा हिशेब. महायुतीला ४२: भाजप २३, शिवसेना १८, स्वाभिमानी पक्ष १. काँग्रेसला २, राष्ट्रवादीला ४. मतांचा हिशेब वेगळंच सांगतो. काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून साधारण ३४ टक्के मतं, म्हणजे तीनांतलं एक. जागा मात्र आठांतली एक. मत देणाऱ्या दर तिघांमागे एकाने आघाडीला मत दिलं होतं, पण नकाशा पाहिला तर तो माणूस राज्यात राहतच नाही असं वाटावं. एखाद्या पक्षाचा खरा सर्वनाश असा होतो. मतं पूर्ण जात नाहीत, ती सगळीकडे थोडी थोडी कमी पडतात, आणि सगळीकडे थोडं कमी पडणं म्हणजे सगळीकडे हरणं.

संध्याकाळ

हिंगोलीची बेरीज पूर्ण होते.

राजीव सातव ४,६७,३९७. सुभाष वानखेडे ४,६५,७६५. फरक १,६३२.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक आकडा आहे. २००९ला वानखेडे जिंकले तेव्हा त्यांना ३ लाख ४० हजारांच्या आसपास मतं होती. २०१४ला ते हरले, आणि त्यांची मतं सव्वा लाखाने वाढलेली होती. म्हणजे लाट हिंगोलीत आली होती, पुरेपूर आली होती. पण त्याच पाच वर्षांत आघाडीची मतं २ लाख ६६ हजारांवरून पावणेपाच लाखांकडे गेली. लाटेने सव्वा लाख दिले आणि हिंगोलीच्या जुन्या सवयीने दोन लाख उभे केले.

फरक १,६३२ म्हणजे किती? तीन यंत्रांतली मतं. बूथमागे जेमतेम एक मत. आणि ८१७ माणसांनी उलटं बटण दाबलं असतं, तर निकाल उलटला असता. किनवटच्या एका तांड्यावर, वसमतच्या एखाद्या गल्लीत एवढी माणसं सहज राहतात.

त्याच संध्याकाळी अदलाबदलीची दुसरी बाजू रायगडात उघडते. सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरतात. तिथे त्यांच्याच नावाचा एक अपक्ष उभा होता आणि त्याला नऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. काँग्रेसने एक जागा देऊन एक घेतली. घेतलेली १,६३२ने राहिली, दिलेली २,११०ने गेली. इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळणाऱ्या गोष्टींना आपण दुसऱ्या दिवशी ‘कौल’ म्हणतो.

रात्री

कळमनुरीत गुलाल उडतो. दिल्ली आणि मुंबईच्या नकाशावर हिंगोली वेगळ्या रंगात दिसते आणि चर्चा करणारे तिथून पटकन पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी मनमोहन सिंग राजीनामा देतात.

त्या रात्री काँग्रेसने थांबून विचारायला हवं होतं: जिथे आपण टिकलो तिथे का टिकलो? आणि महायुतीने विचारायला हवं होतं: एवढ्या वाऱ्यातही आपला खासदार का पडला? पराभवाने खचलेल्यांना आणि विजयाने फुललेल्यांना, दोघांनाही हा प्रश्न नको होता.

पाच वर्षांनी, दहा वर्षांनी

२०१९ला सातव उभे राहिले नाहीत. काँग्रेसने उमेदवारी दिली ती सुभाष वानखेड्यांनाच, जे एव्हाना शिवसेना सोडून आले होते. शिवसेनेचे हेमंत पाटील २ लाख ७७ हजारांनी जिंकले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने पावणेदोन लाखांच्या घरात मतं घेतली. ‘अपवाद’ एका निवडणुकीत पुसला गेला, कारण त्यामागचं कारण कुणी जपलंच नव्हतं.

२०२४ला हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली आणि अर्ज भरण्याची मुदत संपायच्या तोंडावर मागे घेतली गेली. शिवसेना एव्हाना फुटली होती; त्यांच्या जागी शिंदे गटाच्या शिवसेनेने बाबूराव कदम कोहळीकरांना उभं केलं. खुर्चीवरचा माणूस बदलला तर हिंगोली माफ करेल असा हिशेब असावा. तिने माफ केलं नाही. ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर १,०८,६०२ मतांनी आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने तापलेल्या मराठवाड्यात या वेळी आठांपैकी सात जागा महायुतीने गमावल्या. दहा वर्षांपूर्वी एका बाजूवर कोसळलेली भिंत आता दुसऱ्या बाजूवर कोसळली, आणि हिंगोली तेव्हासारखीच वागली: बसलेल्याला उठवलं.

१६ मे २०२१, पहाटे

ही नोंद मोजणीची नाही. कोरोनातून उठलेल्या राजीव सातवांची प्रकृती पुन्हा बिघडली होती आणि पुण्याच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. वय ४६. विजयाच्या त्या दिवसाला बरोबर सात वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी कळमनुरीत, जिथे गुलाल उडाला होता, त्याच गावात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्या दिवसांत गावोगावी दारं बंद होती, लोकांना घराबाहेर पडता येत नव्हतं. ज्या रस्त्यांवर सात वर्षांपूर्वी ‘आपल्या गावातून किती लीड’ असं विचारलं जात होतं, तिथे माणसं आता ऑक्सिजनची खाट विचारत होती. मत देणारा माणूस दर पाच वर्षांनी आकड्यांत येतो, मधल्या काळात तो असा असतो. त्याला खासदार कशासाठी हवा असतो, याचं उत्तर त्या मे महिन्यात गल्लीगल्लीत लिहिलेलं होतं.

पुढच्या निवडणुकीतही लाट असेल, कुणाची तरी असेल. तिची उंची दिल्लीत मोजली जाईल. तेव्हा एखाद्या पक्षाने आपला माणूस पाच वर्षं हिंगोलीच्या खळ्यावर, तांड्यावर, दवाखान्याच्या ओट्यावर ठेवला, तर त्याला ८१७ माणसं नक्की सापडतील. आणि नाही ठेवला, तर तीच ८१७ माणसं त्याला सापडतील, रात्री, शेवटच्या फेरीत, समोरच्याच्या बेरजेत.